लाइन मारायची, पण कुठली?

'लाइन मारणं' याचा आपल्याला एकच अर्थ माहीत असतो आणि तो कॉलेजच्या कट्ट्यावर फुकट शिकायला मिळतो. पण माझ्या ओळखीत सध्या एक वेगळीच जमात तयार झालीय. सह्याद्रीतले ट्रेक झाले, बाइकवरून लडाख झालं, आता पुढे काय, तर फ्लाय फिशिंग! मार्च-एप्रिलमध्ये, नाहीतर पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात, बॉसला मस्का मारून चार दिवसांची रजा काढायची आणि गाठायची उत्तराखंडातली रामगंगा. किंवा थेट नेपाळच्या हद्दीवरचं पंचेश्वर, जिथे सरयू महाकालीला मिळते. कशासाठी? सोनेरी महसीरसाठी. पकडायचा, एक फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा.

आणि निघायच्या पंधरा दिवस आधी मला फोन येतो : ''बुडणारी लाइन घ्यायचीय रे. कुठली घेऊ?''

ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, त्यांच्यासाठी दोन मिनिटांचा फंडा. साध्या गळाला शिशाचं वजन बांधतात. ते वजन लांब फेकलं जातं आणि मागून दोरी जाते. फ्लायचं नेमकं उलटं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा किंवा पिटुकला मासा. त्याला वजन जवळपास नाहीच. वजन असतं ते दोरीत, म्हणजे लाइनमध्ये. आठ नंबरच्या लाइनचे पुढचे तीस फूट २१० ग्रेन, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम भरतात. चाबकासारखी ती हवेत उलगडते आणि फ्लायला सोबत घेऊन जाते. थोडक्यात, सगळा खेळ लाइनचा आहे. तरी लोक रॉडवर पगार उधळतात आणि लाइन म्हणजे 'देईल ती दे'. दहा हजारांचे बूट घेऊन आत शंभराचे मोजे घालण्यातला प्रकार!

आता बुडण्याविषयी. पूर्वी लाइन रेशमाची असायची. चरबी चोपडली की तरंगायची, नाही चोपडली की बुडायची. आताच्या लाइनवर प्लॅस्टिकचं आवरण असतं. तरंगणारीच्या आवरणात हवा भरलेले बारीक मणी असतात, तर बुडणारीच्या आवरणात टंगस्टनची पूड. पूड जास्त तितकी लाइन जड. पाकिटावर हा बुडण्याचा वेग सेकंदाला किती इंच असा छापलेला असतो. 'इंटरमीजिएट' साधारण दीड इंच, 'टाइप थ्री' तीन इंच, 'टाइप सिक्स' सहा इंच.

इथेच आपली मंडळी फसतात. मोबाइल घेताना जसे मेगापिक्सेल मोजतो, तसाच हा आकडा मोजतात. सहा म्हणजे तीनच्या दुप्पट भारी, हा हिशोब. माझ्या एका मित्राने (हिंजवडीत कोडिंग करतो, नाव छापलं तर दोस्ती तुटेल) अमेरिकेहून येणाऱ्या मावसभावाकडून टाइप सिक्स मागवली, तीही पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत बुडणारी. रामगंगेवर पहिल्या सकाळी ती दोनदा दगडांखाली अडकली. दुपारी तिसऱ्यांदा अडकली, तेव्हा पुढचा तुकडा नदीतच राहिला. चार दिवसांच्या सुट्टीतला एक दिवस खल्लास. रजेचा अर्ज, विमानाचं तिकीट, काठगोदामची गाडी, गाइड, परमिट असा सगळा खर्च बेरजेत धरा, म्हणजे कळेल की चुकीची लाइन नुसत्या लाइनच्या किमतीत पडत नाही.

लाइनमध्ये खोट काहीच नव्हती. तळ्यात, धरणाच्या साठलेल्या पाण्यात ती झक्कास चालली असती. नदीत मात्र पाणी सगळीकडे एका वेगाने धावत नाही. काठाला संथ, मधे जोरात, पलीकडच्या खडकामागे पुन्हा संथ. तुम्ही आडवी लाइन टाकलीत की मधला प्रवाह तिला पोटात धरून खाली ओढतो. लाइन धनुष्यासारखी फुगते आणि तिच्या टोकाची फ्लाय कुत्र्याच्या साखळीला बांधल्यागत फरफटत जाते. असा पळणारा 'मासा' महसीरने नदीत जन्मात पाहिलेला नसतो.

यावर उपाय एकच. लाइन पाण्यावरून उचलायची आणि मनगटाच्या एका झटक्यात तिचं पोट वरच्या अंगाला टाकायचं. याला म्हणतात मेंडिंग. आणि उचलायला लाइन पाण्यावर असावी लागते ना! फूटभर खोल गेलेली लाइन तुम्ही काय उचलणार?

म्हणून नदीसाठी माझं मत ठाम आहे : पूर्ण बुडणारी नको, सिंक-टिप घ्या. पुढचे दहा-पंधरा फूट बुडणारे, बाकी सगळी तरंगणारी. पाकिटावर शेवटी नुसतं 'एस' असेल तर सगळी बुडते, 'एफ/एस' असेल तर फक्त टोक. डब्ल्यूएफ-८-एफ/एस असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, हीच ती.

टोक किती वेगाने बुडणारं हवं, हे नदीला विचारायचं. आकडेमोड पाचवीची आहे. सेकंदाला सहा इंच म्हणजे पंधरा सेंटिमीटर. दीड मीटर खोल जायला दहा सेकंद. प्रवाह सेकंदाला एक मीटरचा असेल, तर तेवढ्यात फ्लाय दहा मीटर खाली वाहून गेलेली असते. तेच टाइप थ्रीला वीस सेकंद आणि वीस मीटर लागतील, म्हणजे फ्लाय तळाजवळ पोचेपर्यंत डोह संपला! तिथे सहाच हवी. पण संध्याकाळच्या संथ डोहात, जिथे पाणी सेकंदाला जेमतेम एक फूट सरकतं, तिथे टाइप थ्री सहा मीटरमध्ये दीड मीटर खाली जाते. तिथे सहा टाकलीत तर ती दगडांना मिठी मारणार. शिवाय पाकिटावरचा आकडा स्थिर पाण्यातला असतो. वाहत्या पाण्यात, त्यातून लाइन ताणलेली असली तर, ती त्याहून हळू बुडते. म्हणूनच जरा वरच्या अंगाला टाकायची, एकदा मेंड करायची आणि तिला सैल वाहू द्यायची. या तीन गोष्टींनी जितकी खोली मिळते, तितकी नंबर वाढवून मिळत नाही.

आणि हो, लाइन आणि फ्लाय यांच्यामधला पारदर्शक लीडर. तरंगणाऱ्या लाइनला तो नऊ फुटी लावतात आणि सवयीने तोच सिंक-टिपलाही लावला जातो. मग टोक तळाशी आणि फ्लाय वर मजेत तरंगतेय! तीन ते पाच फूट पुरे.

बजेट टाइट असेल (महिनाअखेर कुणाला चुकलीय?) तर सिंक-टिपही सुरुवातीला राहू द्या. चांगली तरंगणारी लाइन घ्या आणि तिच्या टोकाच्या फासात अडकवायचे दोन बुडणारे लीडर घ्या, एक हळू बुडणारा, एक वेगाने. नव्या लाइनच्या मानाने स्वस्त पडतात, खिशात मावतात आणि डोह बदलला की दोन मिनिटांत बदलता येतात. फेकताना सांध्यापाशी किंचित हिसका बसतो, एवढंच. हिमाचलात तीर्थनला ट्राउटसाठी निघाला असाल तर तेही नको. तिथलं पाणी उथळ, दगडादगडांतून उड्या मारणारं. साधी तरंगणारी लाइन आणि थोडी वजनदार फ्लाय, बस्स.

''एवढा काथ्याकूट एका माशासाठी?'' असं बायको विचारते. पण हा मासा साधा नाही. सोनेरी महसीर आज जगाच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. त्याचा दख्खनी भाऊ वाचावा म्हणून लोणावळ्यात वळवणला टाटा पॉवर १९७०च्या दशकापासून पिल्लं वाढवून सोडतेय. अडकून तुटलेली लाइन आणि तिच्यामागचं नायलॉन डोहात वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि तो डोह त्याचं घर आहे. गळाचा काटा पकडीने चेपून टाकायचा, मासा पाण्याबाहेर धरायचा नाही, हे गाइड सांगेलच. परमिटचे नियम मात्र निघण्यापूर्वी तुम्हीच विचारा, ते बदलतात.

फेकण्याआधीची एक युक्ती. बुडालेलं टोक थेट मागे खेचून हवेत उचलायला जाऊ नका, रॉड मोडेल नाहीतर फ्लाय कानात घुसेल. आधी लाइन हाताने आत ओढून घ्या, एक रोल कास्ट मारून टोक पाण्यावर आणा, मग उचला. टोपी आणि गॉगल मस्ट. आणि डास पळवणारं क्रीम लावलंत तर हात धुऊनच लाइनला हात लावा. त्यातलं डीट नावाचं रसायन लाइनचं आवरण खातं.