विश्लेषण : खोदण्याआधी एकच नकाशा… लोणी भापकरच्या शिवाराला त्याचा फायदा किती?

रस्ता डांबरी झाला की महिनाभरात नळाच्या पाइपसाठी तो उकरला जातो. पाइप बुजवला की केबलवाले येतात. हा अनुभव आता शहरापुरता राहिलेला नाही. काम सुरू होण्याआधीच सगळ्या खात्यांची माहिती एका नकाशावर आणली तर हे टळेल, असा केंद्राच्या ‘पीएम गतिशक्ती’ आराखड्याचा दावा आहे. बारामती तालुक्याच्या पश्चिमेकडील जिरायती पट्ट्यातून पाहिले तर तो कितपत खरा ठरतो?

‘गतिशक्ती’ म्हणजे नेमके काय?

१३ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेला हा एक डिजिटल नकाशा आहे. गांधीनगरच्या ‘बायसॅग-एन’ या केंद्रीय संस्थेने तो तयार केला. रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या, गॅसच्या नळ्या, जंगल, नद्या, जमिनीच्या नोंदी अशी माहिती त्यावर एकावर एक थरांनी ठेवलेली असते. थरांची संख्या सोळाशेच्या पुढे गेली आहे. ५०० कोटी रुपयांहून मोठे पायाभूत प्रकल्प मंजुरीआधी ‘नेटवर्क प्लॅनिंग ग्रुप’ या गटापुढे येतात. प्रस्तावित रेषा वनजमिनीतून जाते का, वाटेत दुसऱ्या खात्याचे काम ठरले आहे का, हे तिथे पाहिले जाते. महाराष्ट्रात उपग्रह-नकाशांचे काम नागपूरचे ‘एमआरसॅक’ करते.

पूर्वी हीच माहिती वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या मापाच्या कागदांवर असायची. आखणी करणाऱ्या सल्लागाराला ती पत्रव्यवहार करून गोळा करावी लागे. न मिळालेला कागद मग काम सुरू झाल्यावर समोर येई, कधी फुटलेल्या पाइपच्या रूपात, कधी न्यायालयाच्या स्थगितीच्या रूपात.

जमिनीखालचे काय?

त्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आले. खोदणाऱ्याने जागा कळवायची, तिथे ज्यांच्या तारा-नळ्या असतील त्यांना संदेश जातो. विचार न करता केलेल्या खोदकामामुळे देशात दरवर्षी सुमारे ३,००० कोटींचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारने सांगितले होते. नेदरलँड्समध्ये यंत्राने खोदण्याआधी अशी चौकशी करण्याची सक्ती २००८ पासून कायद्यानेच आहे. आपल्याकडे मात्र गावातल्या जेसीबीवाल्याला या अॅपचे नाव तरी ठाऊक आहे का, हा साधा प्रश्न उरतोच.

लोणी भापकरसारख्या गावात काय काय नकाशावर असायला हवे?

मोरगावच्या परिसरातले हे गाव पर्जन्यछायेत येते. इथे मल्लिकार्जुनाचे मंदिर आहे, दत्त मंदिरासमोर कोरीव पुष्करणी आहे आणि अंगभर शिल्पे असलेली यज्ञवराहाची मूर्ती आहे. समजा, उद्या या शिवारातून एखादी मोठी जलवाहिनी किंवा रुंद रस्ता आखायचा ठरला. विहिरी, ओढे, पाणंदी, विजेचे खांब, देवळे आणि गट क्रमांकांच्या हद्दी एकाच पडद्यावर दिसल्या, तर रेषा पन्नास मीटर इकडे-तिकडे सरकवायला काही मिनिटे लागतात. भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यावर तीच रेषा हलवायला वर्षे जातात.

केंद्रीय संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचा नियंत्रित पट्टा कायद्याने ठरलेला आहे, त्यामुळे तो नकाशावर आणता येतो. गावोगावच्या बहुतेक बारवा, वीरगळ, छोटी देवळे मात्र कोणत्याही यादीत नाहीत. यादीत नाही म्हणजे थरात नाही आणि थरात नाही म्हणजे आखणी करणाऱ्याच्या लेखी ती जागा रिकामी. ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’तील स्वयंसेवकांनी राज्यभरातील बारवांची ठिकाणे नकाशावर आणली. सरकारी यंत्रणेकडून राहून गेलेले काम लोकांनी केले, असे म्हणायला हरकत नाही.

नोंद नसली की काय होते, हे सांगली जिल्ह्यातील भोसे गावात दिसले. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तिथला सुमारे ४०० वर्षांचा वटवृक्ष तुटणार होता. २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला, प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेले आणि आखणी बदलण्याचा निर्णय झाला. झाड शेकडो वर्षे तिथेच होते. आखणीच्या वेळी ते विचारात घेतले गेले असते तर मंत्र्यांपर्यंत जाण्याची वेळच आली नसती.

नकाशावर नाव चुकीचे असेल तर?

हा मुद्दा बारामती-इंदापूरसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्यावर चर्चा सर्वांत कमी होते. इथली माळराने सरकारी दप्तरात आणि ‘वेस्टलँड अॅटलास’सारख्या नकाशांत बहुतांशी ‘पडीक’ किंवा ‘ओसाड’ म्हणून येतात. प्रत्यक्षात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य अशाच माळावर, चिंकाऱ्यांसाठी उभे आहे. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या गाडीखेलमध्ये वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. लांडगा, खोकड, तरस याच माळांवर राहतात. धनगरांची मेंढरेही इथेच चरतात.

‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ला वीज उपकेंद्रापासून ५ ते १० किलोमीटरच्या आत जमीन लागते. दिवसा वीज मिळणे शेतकऱ्याच्या हिताचेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण संगणकाला ‘उपकेंद्राजवळची रिकामी सरकारी जमीन दाखव’ असे विचारले तर तो निमूटपणे हेच माळ दाखवणार. सामायिक नकाशाचा हा धोका आहे : एका खात्याची जुनी चूक पूर्वी त्याच खात्यात राहायची, आता ती एका क्लिकवर सगळ्यांकडे जाते. चराईचा वापर आणि वन्यजीवांचा वावर यांचा थर जोडला नाही, तर अशा जागेची निवड वेगाने होईल, बरोबर होईलच असे नाही.

गटाचा नकाशा आणि प्रत्यक्ष बांध का जुळत नाहीत?

मूळ मोजणी शंकू-साखळीने झाली, नंतर एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, मग वाटण्या होत गेल्या. असा कागदी नकाशा उपग्रहाच्या छायाचित्रावर ठेवला की बांध काही मीटर सरकलेला दिसतो. महामार्गाच्या आखणीत काही मीटर म्हणजे एखाद्याची विहीर आत किंवा बाहेर.

दुरुस्तीचे काम सुरू आहे. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा राज्यातला प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला आणि पुढे २०२० मध्ये ‘स्वामित्व’ योजना देशभर आली. पण ती गावठाणापुरती आहे, शेतजमिनीला लागू नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यात ७७ ‘कॉर्स’ केंद्रे उभारली आहेत. त्यांच्या आधारे रोव्हर यंत्राने अक्षांश-रेखांशासह मोजणी होते. ज्यांनी अशी मोजणी करून घेतली, त्यांचा गट नकाशावर पक्का बसतो. बाकीच्यांचा अंदाजानेच.

शेतकऱ्याला कळते कधी?

खरी अडचण इथे आहे. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम ‘३-अ’ची अधिसूचना निघते तेव्हा गट क्रमांक जाहीर होतात. त्यानंतर हरकतीसाठी २१ दिवस. तोवर आखणी ठरून गेलेली असते. बारामती-इंदापूरमधून जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले. त्या वेळी सुमारे १३० किलोमीटरसाठी ४,४०० कोटींचा खर्च सांगितला होता. म्हणजे गतिशक्ती सुरू झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात. या मार्गाची आखणी साहजिकच त्याआधीची.

शेजारच्या पुरंदर विमानतळाची गोष्ट अधिक बोलकी आहे. लोहगावला हवाई दलाचा तळ असल्याने जागेला संरक्षण मंत्रालयाचा होकार लागतो. २०२१ मध्ये तालुक्याच्या पूर्वेकडच्या पर्यायी जागेला मिळालेली संमती मागे घेतली गेली आणि प्रकल्प पुन्हा मूळ सात गावांत आला. मे २०२५ मध्ये तिथे ड्रोन सर्वेक्षणालाच ग्रामस्थांनी विरोध केला आणि संघर्ष झाला. नंतर सुमारे २,६७३ हेक्टरचे नियोजित क्षेत्र निम्म्याच्या आसपास आणले गेले. निम्म्या जमिनीत भागणार होते, तर हे गणित ड्रोन उडवण्याआधी मांडता आले नसते का? लोकांना ड्रोनचा राग नव्हता. त्यातून निघणारा नकाशा आपल्याला न दाखवता आपल्याविरुद्ध वापरला जाईल, ही भीती होती.

मोबाइलवर आज काय पाहता येते?

‘महाभूनकाशा’ संकेतस्थळावर आपल्या गटाचा नकाशा आणि लगतचे गट दिसतात. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ रकाना जरूर पाहावा. शेतरस्त्याची नोंद त्यात करावी आणि रस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा, असा निर्णय राज्याने २०२५ मध्ये घेतला आहे. ज्या पाणंदीची नोंद नाही, ती नव्या रस्त्याच्या भरावाखाली गेली तर दाद मागताना पुरावा शोधावा लागतो.

गतिशक्तीचे निवडक थर ऑक्टोबर २०२५ पासून कंपन्या, सल्लागार आणि संशोधकांसाठी खुले झाले. जिल्हा पातळीवरचा आराखडा मात्र आधी आकांक्षित जिल्ह्यांना मिळतो आहे. राज्यातून त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव येतात. पुणे त्या यादीत नाही. त्यामुळे लोणी भापकरच्या ग्रामसभेला आपल्या शिवारातून जाणारी प्रस्तावित रेषा पाहायची असेल, तर आजही तलाठी, बांधकाम विभाग किंवा माहिती अधिकाराचा अर्ज हाच रस्ता आहे.