विश्लेषण : ट्रक अपघातात दोषी फक्त चालकच? मालकाची जबाबदारी कुठून सुरू होते?

ट्रकचा भीषण अपघात झाला की तासाभरात व्हिडिओ फिरू लागतो आणि त्याखाली निकालही लागतो. ‘ड्रायव्हर दारू प्यायला असेल’, ‘झोप लागली असेल’, ‘फाशी द्या’. ही गाडी कोणाची होती, चालक किती तासांपासून जागा होता, गाडीत किती माल भरला होता आणि तो कोणी भरायला लावला, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मृताच्या कुटुंबाला किती पैसे मिळणार आणि ते कोण देणार, हे मात्र याच प्रश्नांवर ठरते.

यवतमाळ जिल्ह्यासाठी हा विषय रोजचा आहे. नागपूर-हैदराबाद महामार्ग वडकी, पांढरकवडा, पाटणबोरीवरून जातो. नागपूर-तुळजापूर महामार्ग यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जिल्हा ओलांडतो. वणी परिसरात कोळशाची वाहतूक वर्षभर सुरू असते आणि हंगामात जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची त्यात भर पडते.

कोणत्या अपघातांमुळे हा प्रश्न ठळक झाला?

१९ मे २०२० रोजी पहाटे आर्णी तालुक्यातील कोळवनजवळ स्थलांतरित मजुरांना नागपूरकडे घेऊन जाणारी एसटी बस आणि ट्रक यांचा अपघात झाला. चौघांचा मृत्यू झाला, त्यात बसचालकही होता. टाळेबंदीमुळे काम गेलेले हे मजूर घरी परतत होते.

पुढच्याच वर्षी दोन मोठे अपघात झाले. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. त्याच दिवशी १५ मजुरांच्या मृत्यूची नोंद झाली. २० ऑगस्ट २०२१ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ लोखंडी सळ्या आणि मजूर एकत्र नेणारा टिप्पर उलटला. समृद्धी महामार्गाच्या कामावरचे १३ मजूर दगावले.

यावल आणि तढेगाव इथे मजूर मालवाहू गाडीतून, मालासोबतच प्रवास करत होते. गाडी चालकाने चालवली हे खरे. पण सळ्यांवर माणसे बसवून गाडी पाठवायची, हा निर्णय चालक एकटा घेतो का? कायद्याच्या भाषेत ‘मालकाचा निष्काळजीपणा’ म्हणतात तो प्रश्न इथून सुरू होतो.

अमेरिकेत असा खटला कोण ठरवतो?

तिथे नुकसानभरपाईचे मोठे दावे ज्यूरीपुढे चालतात. ज्यूरी म्हणजे कायद्याचे शिक्षण नसलेल्या सामान्य नागरिकांचे पंचमंडळ. खटल्याआधी वकील अनेकदा ‘नकली ज्यूरी’ बसवतात. काही अनोळखी लोकांना बोलावून प्रकरण सांगतात आणि दोष कोणाचा वाटतो ते विचारतात. अशा चर्चेत चालकाची चूक किती आणि त्याला गाडीवर पाठवणाऱ्या कंपनीची किती, यावर मते फुटतात.

टेक्सासमधील ‘वर्नर’ या मोठ्या वाहतूक कंपनीचे प्रकरण याचे गाजलेले उदाहरण आहे. ३० डिसेंबर २०१४ रोजी बर्फाळ महामार्गावर एक पिकअप गाडी घसरली, दुभाजक ओलांडून पलीकडे गेली आणि समोरून येणाऱ्या वर्नरच्या ट्रकवर आदळली. सात वर्षांचा मुलगा गेला. ट्रक शिकाऊ चालकाच्या हातात होता आणि त्याचा प्रशिक्षक मागच्या केबिनमध्ये झोपलेला होता.

२०१८ मध्ये ज्यूरीने दोषाची वाटणी केली. कंपनीच्या प्रशिक्षण आणि देखरेखीतील चुकांना ७० टक्के, पिकअपच्या चालकाला १६ टक्के आणि ट्रकचालकाला १४ टक्के. भरपाईची रक्कम सुमारे ९ कोटी डॉलर होती. मात्र जून २०२५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. पिकअपचा ताबा सुटून ती पलीकडच्या मार्गिकेत आली, हेच अपघाताचे खरे कारण आहे, असे न्यायालय म्हणाले.

सामान्य माणसांना कंपनीचा बेफिकीरपणा आधी दिसला. न्यायाधीशांनी त्या बेफिकीरपणाचा मृत्यूशी थेट संबंध आहे का, ते तपासले. हा फरक भारतातही महत्त्वाचा ठरतो.

भारतात ज्यूरी का नाही?

पूर्वी होती. १९५९ मध्ये मुंबईतील नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपी निर्दोष ठरवला. उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून शिक्षा सुनावली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. त्यामुळे आज लोकमत कितीही तापले, तरी निर्णय न्यायाधीश किंवा मोटार अपघात दावा प्राधिकरण पुराव्यावर देते.

मालकाला तुरुंगवास होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण फक्त ‘गाडी त्याची होती’ म्हणून नाही.

निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरल्यास १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (१) लागू होते. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. आधीच्या कलम ३०४ अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. फौजदारी कायद्यात दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा आपोआप मालकाला होत नाही. त्याची स्वतःची चूक आणि त्या चुकीचा मृत्यूशी थेट संबंध, दोन्ही सिद्ध व्हावे लागते.

यावरचा मूलभूत निकाल महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात आहे. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्याला आग लागून सात कामगार मरण पावले. परवान्यात नसलेली धोकादायक प्रक्रिया तिथे सुरू होती. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याची जबाबदारी असलेल्या भागीदाराला आगीबाबतच्या निष्काळजीपणात दोषी ठेवले, पण मृत्यूच्या आरोपातून सोडले. मृत्यूचे निकटचे कारण दुसऱ्या कामगाराची त्या क्षणीची कृती होती, असे न्यायालयाला दिसले. ‘कुर्बान हुसेन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल आजही उद्धृत होतो. टेक्सासमधील न्यायाधीशांचा तर्कही याच वाटेने गेला.

मग मालक नेहमी सुटतो का?

नाही. भरपाईचा दावा दिवाणी स्वरूपाचा असतो आणि तिथले गणित वेगळे आहे. नोकर कामावर असताना त्याच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर मालकाने भरून द्यायचे, हे तत्त्व तिथे चालते. मालक त्या वेळी घरी झोपला होता, हा बचाव होत नाही. गाडीचा विमा असेल तर बहुतेक वेळा ही रक्कम विमा कंपनी भरते.

त्याशिवाय मोटार वाहन कायद्यात मालकाची स्वतंत्र जबाबदारी आहे.

– परवाना : परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हातात गाडी देणे हा मालकाचा गुन्हा आहे.

– जादा माल : दंड २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये. चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघेही यात येतात. कलम ११३ नुसार चालक मालक नसेल, तर ओव्हरलोडिंग मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते.

– कामाचे तास : १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. हा कायदा आता नव्या कामगार संहितांमध्ये सामावला आहे.

– फिटनेस : व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते.

‘फेरी वेळेत पोहोचली नाही तर पैसे कापू’ असे सांगून चालकाला सलग पळवणारा मालक आणि थकून डोळा लागलेला चालक यांच्यात दोष कसा वाटायचा, हे या नियमांच्या आधारे तपासता येते. अडचण पुराव्याची असते.

कुटुंबाच्या हातात काय पडते?

समजा, वणी परिसरातील ३० वर्षांचा मजूर महिना १२ हजार रुपये कमावत होता आणि घरात चार जण त्याच्यावर अवलंबून होते. त्याच्या कुटुंबापुढे मुख्य दोन रस्ते असतात.

पहिला रस्ता मोटार अपघात दावा प्राधिकरणाचा. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत सूत्र घालून दिले आहे. पुढे वाढू शकणाऱ्या उत्पन्नासाठी ४० टक्के धरले की महिना १६,८०० रुपये, म्हणजे वर्षाला २,०१,६०० रुपये होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा केला की १,५१,२०० उरतात. या वयाचा गुणक १७ आहे. एकूण २५,७०,४०० रुपये, आणि अंत्यविधी वगैरेंसाठीच्या ठरीव रकमा वेगळ्या. पण इथे कोणाचा तरी निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

दुसरा रस्ता कामगार भरपाईचा. १९२३ पासूनच्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. जुन्या कायद्याच्या कोष्टकानुसार पगाराचा निम्मा भाग, म्हणजे ६ हजार, गुणिले वयाचा घटक २०७.९८. एकूण १२,४७,८८० रुपये. रक्कम जवळपास निम्मी, पण मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढे पुरते.

दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार एकच रस्ता निवडावा लागतो. निष्काळजीपणाचा पुरावा किती भक्कम आहे, यावर कुटुंबाचे १३ लाख रुपये अवलंबून असतात ते असे. दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख रुपये देणारे कलम १६४ हाही एक पर्याय आहे.

अपघातात स्वतः चालकच गेला तर? चूक त्याचीच असेल, तर त्याच्या कुटुंबाला निष्काळजीपणाचा दावा जिंकणे कठीण जाते. कामगार भरपाईचा दरवाजा मात्र उघडा असतो. ज्याला कमेंटमध्ये फाशी सुनावली जाते, तोही कोणाचा तरी कामगार असतो.

मालवाहू गाडीत बसलेल्या मजुरांचे काय?

सर्वात मोठी मेख इथे आहे. मालवाहू गाडीच्या विम्यात फुकट बसलेल्या प्रवाशांची जोखीम धरलेली नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो : हे मजूर गाडीमालकाचे कामगार होते, मालाचे मालक होते, की नुसतेच बसले होते? मजूर एका ठेकेदाराचे आणि गाडी दुसऱ्याची असेल, तर वाद वर्षानुवर्षे चालतो.

काही प्रकरणांत न्यायालये ‘आधी विमा कंपनीने कुटुंबाला पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत’ असा आदेश देतात. तसा आदेश मिळाला नाही आणि मालकाकडे मालमत्ता नसेल, तर निकाल कागदावरच राहतो. हजेरीपट नसणे, मजुरी रोख देणे, ठेकेदाराच्या हाताखाली आणखी एक ठेकेदार असणे, या गोष्टी अपघातानंतर कुटुंबाच्या विरोधात जातात.

अपघातानंतर कुटुंबाने काय जपावे?

एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत. गाडीचा विमा, फिटनेस आणि चालकाचा परवाना. वजनकाट्याची पावती आणि माल भरल्याची वेळ. टोलनाक्यावरील फास्टॅगच्या नोंदी, कारण चालक किती तास गाडीवर होता ते त्यातून कळते. मालक किंवा मुकादमाचे व्हॉट्सॲप संदेश, मजुरी जमा झाल्याच्या नोंदी आणि सोबतच्या मजुरांचे फोन क्रमांक.

दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबणे धोक्याचे. अपघात जिथे झाला तिथेच दावा करावा लागतो असेही नाही. कुटुंब राहते त्या भागातील प्राधिकरणातही तो करता येतो. यवतमाळमध्ये मृत्यू पावलेल्या झारखंडच्या मजुराच्या पत्नीला प्रत्येक तारखेला इथवर येण्याची गरज नाही, ही बाब अनेक कुटुंबांपर्यंत पोहोचतच नाही.

मग दोषी कोण?

प्रत्येक अपघातात मालकच दोषी असतो असे नाही. चालकाची बेफिकिरी, खराब रस्ता, समोरच्या गाडीची चूक, काहीही असू शकते. पण चौकशी चालकाच्या अटकेवर थांबली, तर तास कोणी वाढवले, माल कोणी भरला आणि सळ्यांवर माणसे कोणी बसवली, हे नोंदीतच येत नाही. जे पंचनाम्यात आणि तपासात येत नाही, ते न्यायालयात सिद्ध करणे अवघड होते. पुढच्या अपघाताचा व्हिडिओ समोर आला, तर ‘ड्रायव्हर कोण होता’ या प्रश्नासोबत ‘गाडी कोणाच्या सांगण्यावरून निघाली होती’ हेही विचारायला हवे.