एका मोसमाचा हिशेब

साखळी स्पर्धा हा पगारदारांचा खेळ. एका महिन्याची तूट पुढच्या महिन्यात भरून काढता येते. बाद पद्धतीत ती सोय नाही. एकदा हरलात की सामान बांधायचे. पण दुबळ्या संघाला आशा असते ती याच स्पर्धेत. बलाढ्य संघाला वर्षभर मागे ठेवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. एखादा दिवस मात्र त्याचाही असू शकतो.

2000 सालच्या फ्रेंच चषकात कॅले या बंदरगावाला असे दिवस एकामागून एक लाभले. इंग्लंडकडे बोटी सुटतात ते हे गाव. संघ चौथ्या श्रेणीतला, हौशी; खेळाडू पोटासाठी नोकऱ्या करणारे. त्यांनी लील आणि कान या संघांना पेनल्टीवर घरी धाडले, स्त्रासबूरला 2-1 हरवले, आणि उपान्त्य सामन्यात तर 1999 च्या राष्ट्रीय विजेत्या बोर्दोला जादा वेळेत 3-1!

अंतिम सामना 7 मे रोजी, पॅरिसलगतच्या स्ताद द फ्रान्सवर, नांतविरुद्ध. पूर्वार्धात द्युतित्रने गोल केला आणि कॅले चक्क पुढे होते. उत्तरार्धात नांतच्या सिबिएर्स्कीने बरोबरी साधली आणि अगदी अखेरीस, वादग्रस्त ठरलेल्या पेनल्टीवर, त्यानेच सामना संपवला. नांतचा विशीतला कर्णधार लांद्रो याने कॅलेचा कर्णधार बेक याला बोलावून चषक दोघांनी मिळून उंचावला.

या दिलदारीचे फार कौतुक झाले. व्हायलाच हवे. पण त्यावरून ‘दोघेही जिंकले’ म्हणणे मला पटत नाही. कॅले हरले. हे नीट मान्य केल्याखेरीज ते कुठवर येऊन हरले, हे कळायचे नाही.

पुढची गोष्ट बँकेतल्या माणसाच्या ओळखीची आहे. एका भरघोस वर्षाचा ताळेबंद जोडून कर्ज मागायला येणारे मी खूप पाहिले. (बहुतेक प्रामाणिक असत, हेच अवघड.) कॅलेत 2008 साली सुमारे 12 हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले, नावच ठेवले ‘महागाथा’. 2017 साली क्लबच दिवाळखोरीत निघून विसर्जित झाला. स्टेडियममुळेच बुडाला असे मी म्हणणार नाही. क्लब बुडायला कारणे पुष्कळ असतात. मात्र ‘शेवटी मिळवले काय?’ असे आज विचारणाऱ्यांशी माझे भांडण आहे. तो मोसम म्हणजे पुढच्या वैभवाचा पहिला हप्ता, असे त्या खेळाडूंनी कुणाला लिहून दिले नव्हते. बोर्दोला हरवले, ते त्या रात्रीपुरते पुरे होते.