मुलीच्या हाती लगाम

गेल्या महिन्यात आमच्या घरावरून एक वरात चालली होती. नवरदेव घोड्यावर विराजमान झाला होता खरा. परंतु दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून तो असा काही बसला होता की, पाहणाऱ्यास घोड्याचीच कीव यावी. माझ्या पुतण्याची बारा वर्षांची मुलगी ओट्यावर उभी राहून हा सोहळा न्याहाळीत होती. वरात वळणाआड गेली तशी ती आत आली आणि पाने मांडली जात असतानाच सर्वांसमक्ष मला म्हणाली, "आजोबा, मला घोड्यावर बसायला शिकायचं आहे. नवरदेवासारखं नाही, खरोखरचं."

घरात जे व्हावयाचे तेच झाले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मुलीच्या जातीला हे कोणी सांगितलं आहे? हातपाय मोडून घेतलेस तर पुढे कोण पत्करील तुला?" धाकट्या बंधूंनी खर्चाचा प्रश्न काढला. भावजयीने, आहे तो अभ्यास तरी नीट होतो का, असे विचारले. मुलीची आई काहीच बोलली नाही. आणि सरतेशेवटी घरातील वडील म्हणून सर्वांनी माझ्याकडे पाहिले. "उद्या सांगतो," एवढे बोलून मी जेवू लागलो. तो उद्या उजाडावयास एक महिना लागला. हे टिपण म्हणजे त्या मुलीस द्यावयाचे माझे उत्तर आहे; आणि ज्या घरांतून असा प्रश्न कधी ना कधी निघतो, त्या घरांसही ते उपयोगी पडेल अशी आशा आहे.

स्त्री आणि घोडा यांचा विचार करू लागताच मला पोलोच्या खेळाची आठवण झाली. अश्वारोहणाच्या जितक्या म्हणून कसोट्या आहेत त्या सगळ्या या एका खेळात एकवटल्या आहेत. तीनशे वार लांब आणि सुमारे एकशेसाठ वार रुंद असे विस्तीर्ण मैदान. प्रत्येक पक्षाचे चार स्वार. आठ वार अंतरावर रोविलेले दोन खांब, आणि त्यांमधून चेंडू काढून द्यावयाचा. सात मिनिटांच्या एका डावास 'चक्कर' म्हणतात, आणि घोडा दमतो म्हणून दर चक्करीस तो बदलावा लागतो. काठी उजव्याच हाती धरावयाची, लगाम डाव्या हाती. भरधाव घोड्यावरून वाकून चेंडू टोलवावयाचा, प्रतिस्पर्ध्याच्या घोड्यास आपला घोडा भिडवून त्यास बाजूस रेटावयाचे. मात्र चेंडू ज्या रेषेत चालला आहे ती रेषा दुसऱ्याच्या पुढून आडवी कापावयाची नाही. हा नियम मोडला तर स्वार आणि घोडा या दोघांचाही जीव धोक्यात येतो.

हा खेळ इंग्रजांनी आपणांस दिला असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. इराण व मध्य आशियात तो 'चौगान' या नावाने शेकडो वर्षे चालत आला. बाराव्या शतकातील निजामी या फारसी कवीने शिरीन राणी आणि तिच्या सख्या खुस्रो बादशहाशी चौगान खेळल्याचे वर्णन केले आहे. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोर येथे हाच खेळ खेळताना घोड्यावरून पडून मरण पावला. अकबर तर अंधाऱ्या रात्रीही खेळे. त्यासाठी पळसाच्या लाकडाचे चेंडू पेटवून घेत, कारण ते लाकूड हलके असून बराच वेळ जळत राहते, असे अबुल फजलाने 'ऐने अकबरी'त नमूद केले आहे. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात फाल्गुनात फुलणाऱ्या पळसाचा असाही उपयोग होता, हे वाचून मला मौज वाटली. इकडे मणिपुरात 'सगोल कांगजै' या नावाने हा खेळ गावोगाव चालू होता. तो पाहून शेरर व स्टुअर्ट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी १८५९ साली सिल्चर येथे पोलोचा क्लब काढला, आणि तेथून तो जगभर पसरला. 'पोलो' हे नाव मात्र चेंडूस असलेल्या 'पुलू' या तिबेटी शब्दावरून पडले.

खेळ जगभर पसरला, पण तो पसरता पसरता पुरुषांचा झाला. ज्या खेळात शिरीन राणी शोभून दिसली त्यात पुढे स्त्रियांस मज्जाव झाला. अमेरिकेत १८९० साली पोलोची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली, आणि तिने पुढे ऐंशी वर्षांहून अधिक काळ एकाही स्त्रीस सभासद करून घेतले नाही. याच काळात कॅलिफोर्नियात स्यू सॅली हेल नावाची एक मुलगी वाढत होती. तिचा जन्म १९३७ चा. लहानपणापासून तिला घोड्यांचे विलक्षण वेड. पोलोचे मैदान घराजवळच असल्याने तिने खेळ पाहिला, शिकून घेतला आणि त्यात ती तरबेज झाली. परंतु सामन्यात उतरावयाचे तर नियम आडवा येई.

तेव्हा तिने काय केले? केस टोपीखाली दडवावे, अंगात ढगळ सदरा घालावा, डोळ्यांस लावावयाच्या काळ्या प्रसाधनाने ओठांवर मिशी रेखाटावी, आणि 'ए. जोन्स' या नावाने मैदानात उतरावे. सामना संपला की वेष बदलून ती स्त्रीवेषात मेजवानीस हजर राही. सोबत खेळणाऱ्या कित्येकांस हे गुपित ठाऊक होते; परंतु संघात चांगला खेळाडू हवा असे, म्हणून ते गप्प राहत. हे एक-दोन वर्षे नव्हे, जवळजवळ वीस वर्षे चालले. एकीकडे संघटनेकडे तिची मागणी सारखी चालूच होती. अखेर १९७२ साली संघटनेने स्त्रियांस सभासदत्व दिले आणि 'जोन्स' कायमचे अंतर्धान पावले.

येथे आमच्यातील कोणी शास्त्रीबुवा विचारतील की, हा असत्याचा गौरव नव्हे काय? मी जन्मभर मुलांस सत्याचे धडे दिले. असत्याचे मंडन मजकडून होणार नाही. तथापि त्या मिशीचा दोष एकट्या स्यू सॅलीच्या माथी मारावयास माझे मन घेत नाही. जो नियम खऱ्या नावाने खेळू देत नाही, पण खोट्या नावाने खेळलेले चालवून घेतो, त्याला सत्याची चाड आहे असे कसे म्हणावे? आपल्या घरांतूनही हेच घडते. मुलीने विचारले की आपण 'नाही' म्हणतो. मग ती न विचारता करू लागते, आणि आपण म्हणतो की मुलगी खोटे बोलावयास शिकली. खोटे ती बोलली खरी. पण खरे बोलण्याची वाट आपणच बुजविलेली असते.

स्यू सॅलीला पाच अपत्ये झाली. संसार झाला, घोड्यांची पागा झाली, शिकविणे झाले. २००३ साली ती निवर्तली, तोपर्यंत घोड्यांशी तिचा संबंध तुटला नाही. तिची कन्या सनी आईच्याच हाताखाली तयार झाली. तिला मिशी रेखाटावी लागली नाही. २००० साली अमेरिकेची खुली अजिंक्यस्पर्धा जिंकणाऱ्या संघात ती होती. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. पोलोत खेळाडूची योग्यता उणे दोनपासून दहापर्यंतच्या गुणांनी ठरवितात. सनी पाच गुणांपर्यंत पोहोचली. २०१७ साली कर्करोगाच्या दुखण्यानंतर ती अकाली वारली. इंग्लंडातील क्लेअर टॉमलिन्सन या बाईही याच पायरीपर्यंत चढल्या होत्या, आणि १९७९ साली क्वीन्स कप जिंकणाऱ्या संघात त्या होत्या. या बायका पुरुषांच्याच संघांतून, पुरुषांच्याच विरुद्ध खेळल्या हे ध्यानात ठेवावे.

शरीरबळाची सबब येथे फारशी टिकत नाही, कारण घोडा बळाने वळत नाही. तो स्वाराच्या मांडीचा दाब, लगामाचा हलका इशारा आणि मनाची स्थिरता ओळखतो. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात प्रथमच स्त्रियांस प्रवेश मिळाला, तेव्हा डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंनी रौप्यपदक मिळविले. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्यांखाली निकामी झालेले होते. घोड्यावर चढण्या-उतरण्यास त्यांना दुसऱ्याचा हात लागे.

परदेशाचे दाखले कशास, असे कोणी म्हणेल. तर कैकेयीने दशरथास रणातून सुखरूप बाहेर काढले, त्या वेळी रथाचे घोडे काही आपोआप चालले नव्हते. महिदपूरच्या लढाईत १८१७ साली होळकरांची भीमाबाई घोड्यावर बसून लढली. गोडसे भटजींनी 'माझा प्रवास' या पुस्तकात झाशीच्या राणीच्या अश्वपरीक्षेची तोंड भरून वाखाणणी केली आहे. हे गृहस्थ वरसईचे वेदशास्त्रसंपन्न भिक्षुक होते, आणि एका ब्राह्मण स्त्रीने घोडा फेकावा यात त्यांना काही वावगे दिसले नाही. आपण मात्र तिचे चित्र दिवाणखान्यात लावतो आणि घरच्या मुलीस ओट्यावरून खाली उतरू देत नाही.

सांप्रतची गोष्ट पाहावी तर मणिपुरात २०१६ पासून स्त्रियांची पोलो स्पर्धा इम्फाळ येथे भरू लागली, आणि परदेशांतील संघही तेथे येऊन खेळून गेले. मणिपुरी तट्टू उंचीने जेमतेम सव्वाचार फूट, पण अत्यंत चपळ. चराऊ पाणथळ जमिनी कमी होत गेल्यामुळे त्याची संख्या २००३ साली १,८९८ होती ती २०१२ साली १,१०१ वर आली. अशा काळात तेथील मुली त्याच्या पाठीवर बसून खेळत आहेत, ही त्या जनावराच्या दृष्टीनेही आशेची गोष्ट म्हटली पाहिजे. आणि आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ साली मुलींस प्रथमच प्रवेश मिळाला. त्यांपैकी सतरा जणी मे २०२५ मध्ये शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. घोडेस्वारी हा तेथील शिक्षणाचा भागच आहे.

आता खर्चाविषयी. बंधूंचे म्हणणे खोटे नाही. पोलो हा श्रीमंतांचा खेळ आहे. एकेका खेळाडूस अनेक घोडे, त्यांची चंदी, नालबंद, मोतद्दार, हे सर्व आपल्यासारख्यांच्या आवाक्यातले नाही. आमची नात पोलो खेळेल असे स्वप्न मी पाहत नाही. पण तिने पोलो मागितलाच कोठे आहे? तिने लगाम मागितला आहे. मराठवाड्यात घोडे अजून आहेत. नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत दरसाल घोड्यांचा मोठा बाजार भरतो.

एवढे असताना 'उद्या सांगतो' म्हणण्याचे मला कारण काय पडले, ते सांगितल्यावाचून हे टिपण पुरे होणार नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आठवीत एक मुलगी होती. तिचे घर गावापासून तीन मैलांवर, मळ्यात. वडील वरातीसाठी घोडे पाळीत. ती रोज घोडीवरून शाळेत येई, कडुनिंबाखाली घोडी बांधी, मधल्या सुट्टीत तिला पाणी दाखवी, आणि संध्याकाळी भरधाव निघून जाई. पावसाळ्यात वाटेवरच्या ओढ्यास पाणी आले तरी तिची गैरहजेरी नसे. गावात लोक हसत. एके दिवशी मी तिच्या वडिलांस बोलावून सांगितले, "मुलगी वयात आली आहे. गावातून असे घोड्यावरून येणे बरे दिसत नाही." ते भिडस्त गृहस्थ, "बरं गुरुजी" म्हणून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ती पायी येऊ लागली. मग उशिरा येऊ लागली. मृगाचा पाऊस लागला, ओढा भरला, आणि ती येईनाशी झाली. दिवाळीनंतर हजेरीपटातून तिचे नाव कमी करण्यात आले. ते मीच माझ्या हाताने खोडले. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटले नाही. तिची घोडी म्हणजे तिची चैन नव्हती, तिची शाळा होती, हे मला समजावयास फार वर्षे लागली. स्यू सॅलीच्या आड एक नियमाचे पुस्तक आले होते. त्या मुलीच्या आड मी आलो.

म्हणून आमच्या घरापुरता निर्णय असा केला आहे. गावाबाहेर घोडे बाळगणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांजकडे नातीने रविवारी सकाळी जावे. पहिला महिना पाठीवर बसावयाचे नाही; खरारा करावा, चंदी द्यावी, लीद काढावी, घोड्याचे मन ओळखावे. त्यानंतर, हौस टिकली तर, रिकिबीत पाय घालावा. डोक्यास शिरस्त्राण असल्यावाचून बसू नये. काही दिवस सोबत मी जाईन.

हे सांगितले तेव्हा सौभाग्यवती काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लीद काढायची तर जुने कपडे लागतील. माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत." मुलीची आई तोपर्यंत शिडी आणावयास उठलीसुद्धा होती.