लुगड्याची झोळी

दिवाळी सरते न सरते तोच बीडकडचे ऊसतोडकरी कृष्णाकाठी उतरतात. गेल्या साली कऱ्हाडजवळ फडाच्या कडेला बाभळीला लुगड्याची झोळी टांगलेली दिसली. आत महिन्याचे मूल. हनुवटी छातीला टेकलेली, तोंडावर पदर. माझ्यातला मास्तर जागा झाला.

"बाई, अशाने श्वास कोंडतो. पोराला सपाट जागी, उताणे, तोंड उघडे ठेवून निजवावे. १९९४ पासून अमेरिकेत हेच शिकविले, नि झोपेतले बालमृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले!"

ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, खाली इच्चूकाटा हाय. सपाट जागा कुठं हाय, तेवढं सांगा."

मला उत्तर सुचले नाही. वाचकहो, सपाट बुडाचा एखादा लाकडी पाळणा त्या फडापर्यंत पोचविता येणार नाही का? आपल्या करंजीतली साखर तिथूनच येते.