सांबा : पावले आणि परंपरा

सांबा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहरातील कार्निव्हलची झगमगती मिरवणूक उभी राहते. परंतु पिसांचे मुकुट आणि दिव्यांची रोषणाई हा या नृत्याचा नंतरचा साज होय. त्याचे मूळ रूप साधे, घरगुती आहे. शिकू इच्छिणाऱ्याने ते आधी जाणून घ्यावे, हे बरे.

ब्राझीलच्या ईशान्येस बाहिया प्रांत आहे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी व त्यांच्या वंशजांनी तेथील ऊसमळ्यांच्या मुलखात ‘सांबा दि रोदा’, म्हणजे रिंगणातला सांबा, रुजविला. मंडळी गोलाकार उभी राहतात, टाळ्या आणि गाणे चालू असते. एकजण मध्ये येऊन नाचतो व दुसऱ्याला खुणेने बोलावून आपली जागा देतो. बशीच्या कडेवर सुरी घासून धरलेला ठेका हे या रिंगणाचे खास वाद्य! युनेस्कोने 2005 साली या परंपरेचा गौरव केला.

ब्राझीलमध्ये 1888 साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्या सुमारास अनेक बाहियन कुटुंबे पोटापाण्यासाठी रिओमध्ये वसली. त्यांपैकीच एक हिलारिया बातिस्ता दि आल्मेइदा. मिठाई विकून संसार करणाऱ्या या बाईंना सारे ‘तिया सियाता’, म्हणजे सियातामावशी, म्हणत. त्यांच्या घरी गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या बैठका भरत. त्याच मंडळीत घडलेले ‘पेलू तेलेफोनी’ हे गीत दोंगा या संगीतकाराने 1916 साली आपल्या नावे नोंदविले. ध्वनिमुद्रित सांबाचा इतिहास सामान्यतः या गीतापासून सांगतात.

मात्र प्रतिष्ठितांच्या लेखी तेव्हा हे भटक्यांचे चाळे होते, आणि पोलिसांचा ससेमिरा वादकांच्या मागे असे. झ्वांव दा बायाना या वादकाची खंजिरी पोलिसांनी जप्त केली. तेव्हा एका सिनेटरने त्याला आपल्या सहीची नवी खंजिरी भेट दिली, ही हकिकत त्याने स्वतःच पुढे सांगितली आहे. 1928 साली रिओच्या एस्तासियू वस्तीत स्थापन झालेल्या सांबामंडळाचे नावच ‘देइशा फालार’, म्हणजे ‘बोलू द्या त्यांना’, असे होते. 1932 मध्ये अशा मंडळांची पहिली स्पर्धा झाली, आणि काल हिणविलेली कला देशाची ओळख बनली.

आता पावलांकडे वळू. सांबाचा ताल दोन मात्रांचा. त्या दोन मात्रांत शरीराचा भार तीनदा बदलतो. ताठ उभे राहा, पण गुडघे सैल ठेवा. उजवे पाऊल किंचित मागे नेऊन चवड्यावर भार द्या. लगेच जागच्या जागी डाव्या पायावर भार घ्या. मग उजवे पाऊल डाव्याशेजारी आणून त्यावर भार द्या. आता डावा पाय मोकळा झाला. त्याने हाच क्रम करा. तोंडाने ‘एक-अ-दोन, एक-अ-दोन’ म्हणत राहावे.

नवशिके बहुधा कंबर मुद्दाम हलवू पाहतात आणि तेथेच ठेका सुटतो. कंबरेची हालचाल गुडघ्यांच्या लवण्यातून आपोआप उमटते. खांदे शांत, श्वास मोकळा असावा. पावले लहान ठेवावीत. प्रथम अगदी संथ लयीत, दररोज दहा मिनिटे सराव पुरे. पाय न अडखळता वळू लागले म्हणजे लय वाढवावी. पाश्चात्त्य नृत्यस्पर्धांतील जोडीचा सांबा निराळा. त्याचे नियम ब्राझीलबाहेर ठरले.

घरात चार माणसे असतील तर रिंगण करावे. तिघांनी टाळी धरावी, एकाने मध्ये नाचावे आणि दमण्यापूर्वी दुसऱ्याला बोलवावे. आपली पाळी संपताच जागा देणे, हाही या नृत्याचा धडाच आहे.