आधी एकमत, मग पंगत?



कसब्यातल्या तांबट आळीजवळ माझे आयुष्य गेले. चाळीस वर्षे मी कीर्तनातून ‘आदर्श समाज’ सांगितला आणि समोरचे सारे माना डोलवत राहिले. पण तांबटाच्या मनात हाताला काम देणारा समाज असे, व्यापाऱ्याच्या मनात कर नसलेला, सासूच्या मनात ऐकणाऱ्या सुनांचा आणि सुनेच्या मनात न बोलणाऱ्या सासवांचा! शब्द एक, चित्रे चार. मी त्यालाच एकमत समजत होतो.

एका सप्ताहात काल्यानंतर पंगत बसली. आळी झाडणारी बाई कडेला उभी होती. कोणीतरी म्हणाले, “तिचे बांधून द्या.” घटकाभरापूर्वी समतेवर निरूपण करणारा मी पहिल्या पानावर बसलो होतो. गप्प राहिलो. ती पुरचुंडी घेऊन निघून गेली.

यावर पूर्वपक्ष ठरलेला असतो : “महाराज, समाज कसा असावा यावर आधी सर्वांचे एकमत होऊ द्या. घाईने फूट पडते.” ऐकायला शहाणपण वाटते. पण वाट किती पाहायची? चोखोबांची समाधी महाद्वारी, देवळाबाहेर. परंपरा त्यांचे निर्वाण इ. स. १३३८ चे मानते. अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांसाठी ते दार उघडायला १९४७ उजाडले. सहाशे वर्षे!

आणि तेव्हा तरी एकमत होते का? १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विरोध करणारेही विठ्ठलाचेच भक्त, पाठीशी उभे राहणारेही विठ्ठलाचेच भक्त. दोघांच्याही तोंडी धर्म. गुरुजींनी आदर्श समाजाचा नकाशा मांडला नाही. एक दार उघडा, एवढेच मागितले. दहा दिवसांनी ते मान्य झाले आणि उपोषण सुटले. मतभेद आजही आहेत. फरक इतकाच, की तेव्हा बाहेर उभा असलेला आता आत येऊन आपले मत मांडू शकतो.

म्हणून सांगतो, माउली, एकमत ही पहिली पायरी नव्हे. पंक्तीबाहेर ठेवलेल्या माणसाला वगळून झालेले एकमत हे एकमतच नव्हे.

आदर्श समाजाचे पूर्ण चित्र मला ठाऊक नाही, तुम्हालाही नसेल. पण कडेला कोण उभे आहे, हे दोघांनाही दिसते. येत्या काल्याला पानावर बसण्याआधी एकदा मागे वळून पाहा. मी त्या दिवशी वळलो नाही. ते ऋण अजून माझ्या माथ्यावर आहे.